पाण्याखालचा गडी

कादंबरीची समीक्षा होते, नाटकाची होते, गाण्याच्या बैठकीचीही होते. पण पटावरच्या खेळाची समीक्षा म्हणजे काय, असे कोणी विचारील. खेळ खेळावयाचा, जिंकावयाचा किंवा हरावयाचा, आणि मग सोंगट्या डब्यात भरून डबा फडताळात ठेवून द्यावयाचा. त्यावर लिहावयाचे ते काय? परंतु थोडा विचार केला तर असे दिसते की, चांगला खेळ हीही एक रचनाच असते. तीत पात्रे असतात आणि त्यांचे स्वभाव आधीच ठरलेले असतात. घोडा अडीच घरेच चालणार, उंट तिरकाच जाणार. त्यांच्यात संघर्ष असतो आणि त्या संघर्षाला शेवट असतो. फरक इतकाच की, कादंबरीकार शेवट स्वतः लिहितो आणि खेळ रचणारा तो दुसऱ्यांच्या हाती सोपवितो. म्हणून त्याची जबाबदारी उलट अधिकच. कादंबरीत एखादे पात्र दुबळे राहिले तर वाचक जांभई देतो. खेळात एखादे मोहरे दुबळे राहिले तर त्याला कोणी हातच लावत नाही, आणि एखादे फार बलवान झाले तर बाकीच्यांना कोणी हात लावत नाही.

समुद्रावरच्या युद्धाचे जे डावपेचाचे खेळ आहेत, त्यांत असे एक अवघड पात्र आहे. ते म्हणजे पाणबुडी. तिचा आणि पाण्यावरून चालणाऱ्या युद्धनौकांचा समतोल कसा राखावा, हा प्रश्न खेळ रचणाऱ्यांना अनेक वर्षे छळीत आला आहे. तीन निरनिराळ्या खेळांनी त्याची तीन निरनिराळी उत्तरे दिली. ती येथे शेजारी शेजारी ठेवून पाहावयाची आहेत.

आरंभी एक गैरसमज दूर केला पाहिजे. समतोल म्हणजे दोन्ही बाजूंना सारखेच बळ, असे नव्हे. आपल्याकडचा वाघ-बकरीचा खेळच घ्या. वाघ थोडे, बकऱ्या पुष्कळ. वाघाने उडी मारून बकरी खावयाची, बकऱ्यांनी दाटी करून वाघाला कोंडावयाचे. एकाचे काम दुसऱ्याला येत नाही, तरी डाव रंगतो, कारण वाघाची भूक आणि बकऱ्यांची संख्या एकमेकींना पुरून उरतात. तेव्हा विषमतेने खेळ बिघडत नाही. पण वाघ-बकरीत वाघ कोठे बसला आहे हे बकऱ्यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत दिसत असते. पाणबुडीची विषमता याहून वेगळ्या जातीची आहे. ती बळाची नाही, दृष्टीची आहे. तिच्या तोडीचा खेळ आपल्या अंगणात शोधावयाचा तर तो आंधळी कोशिंबीर हा. तेथे एकाच्या डोळ्यांवर पट्टी असते, आणि त्याला आवाजाच्या अनुरोधाने चालावे लागते.

१

पहिला खेळ ‘ॲक्सिस अँड अलाइज’. लॅरी हॅरिस या अमेरिकन रचनाकाराचा हा खेळ १९८१ साली प्रथम निघाला आणि १९८४ साली मिल्टन ब्रॅडली कंपनीने तो घरोघरी पोहोचविला. दुसऱ्या महायुद्धातले जग एका पटावर मांडलेले असते. प्रत्येक राष्ट्राला उत्पन्न असते. त्यातून रणगाडे, विमाने, जहाजे विकत घ्यावयाची आणि फाशांनी लढावयाचे. प्रत्येक मोहऱ्याला हल्ल्याचा एक आकडा असतो आणि बचावाचा एक. फाशावर तो आकडा किंवा त्याहून कमी पडला की नेम लागला.

१९८४ च्या नियमांत पाणबुडीची किंमत ८ होती आणि बॅटलशिप या अवाढव्य युद्धनौकेची २४. म्हणजे एका बॅटलशिपच्या पैशांत तीन पाणबुड्या येत. पाणबुडीने हल्ला केला तर तिचा आकडा २, म्हणजे तीन फेकींत एकदा नेम लागावयाचा. शिवाय तिला एक विशेष अधिकार होता: तिचा नेम आधी धरावयाचा आणि बुडालेल्या जहाजाला उलट मारा करू द्यावयाचा नाही. आता शाळेतला साधा हिशेब करा. तीन पाणबुड्यांपैकी एकीचाही नेम न लागण्याची शक्यता सत्तावीसांत आठ. म्हणजे सत्तावीसांपैकी एकोणीस वेळा ती प्रचंड बॅटलशिप एकही तोफ न उडविता तळाशी जावयाची! आणि बुडावयाला तिला एकच घाव पुरे होता. मग शहाणा खेळाडू तिच्यावर चोवीस नाणी कशाला घालील? सर्वांत भव्य मोहरे डब्याची शोभा वाढविण्यापुरते उरले.

पुढच्या आवृत्त्यांनी हा दोष ओळखला. २००४ च्या आवृत्तीत विनाशिका हे नवे मोहरे आले. ती जवळ असली की पाणबुडीचा तो पहिल्या घावाचा अधिकार रद्द व्हावयाचा. बॅटलशिपला बुडण्यासाठी दोन घाव लागू लागले. २००८ च्या आवृत्तीत पाणबुडी ६ नाण्यांना मिळू लागली, बॅटलशिप २० ला, विनाशिका ८ ला. पाणबुडीचा बचावाचा आकडा २ वरून १ वर आला. विनाशिका बरोबर नसेल तर विमानांना पाणबुडीवर मारा करता येईनासा झाला. तीन पाणबुड्यांनी पहिल्याच फैरीत बॅटलशिप बुडविण्याची शक्यता आता सत्तावीसांत सात झाली. पुढच्या फैऱ्या धरल्या तर विनाशिकेवाचून उभ्या असलेल्या बॅटलशिपपुढे पाणबुड्यांचेच पारडे जड राहते. तरी पूर्वीचा एकतर्फी प्रकार निश्चित कमी झाला. हे सारे काम प्रामाणिकपणाचे आणि कष्टाचे आहे. एखाद्या जुन्या वाड्याची डागडुजी जाणत्या गवंड्याने करावी तसे ते झाले आहे.

परंतु डागडुजीने वाड्याचे तोंड फिरत नाही. मूळ गोष्ट अशी की, या पटावर पाणबुडी सर्वांना दिसते. ती अमुक समुद्रात आहे, तिच्याबरोबर आणखी दोन आहेत, हे प्रतिपक्ष चहा पिता पिता पाहत असतो. ज्या प्राण्याचे सर्व सामर्थ्य लपण्यात आहे, त्याला उजेडात आणून उभे केले आणि मग त्याच्या दुबळेपणाची भरपाई म्हणून त्याची किंमत उतरविली. यातून एक विलक्षण नियम जन्माला आला. २००८ च्या नियमांप्रमाणे समुद्राच्या एखाद्या भागात शत्रूच्या फक्त पाणबुड्या असतील तर जहाजांना तेथे थांबावे लागत नाही. त्या तेथे नाहीतच असे समजून पुढे जाता येते. हेतू स्पष्ट आहे. पाणबुडी बुडी मारून राहते, ती वाट अडवीत नाही, हे रचनाकाराला दाखवावयाचे आहे. पण परिणाम उलटा झाला. खऱ्या समुद्रात पाणबुडी दिसत नसे म्हणून प्रत्येक लाटेची भीती वाटे. या पटावर ती दिसत असून तिच्याकडे काणाडोळा करता येतो. भय हाच ज्या पात्राचा स्वभाव, त्याचे भयच काढून घेतले. किमती आणि आकडे यांनी हिशेब जुळला, पात्र मात्र हरवले.

२

दुसरा खेळ याच्या अगदी उलट टोकाचा आहे आणि तो बहुतेक वाचकांच्या घरी केव्हा ना केव्हा खेळला गेला असेल. दोघांनी वहीच्या कागदावर दहा गुणिले दहा चौकोन आखावयाचे, त्यांत आपापली जहाजे लपवावयाची आणि आळीपाळीने ‘ब चार’, ‘फ सात’ असे नेम सांगावयाचे. इंग्रजीत याला ‘बॅटलशिप’ म्हणतात. १९६७ साली मिल्टन ब्रॅडलीने त्याची खुंट्यांची प्लास्टिकची पेटी काढली, त्यापूर्वी कित्येक वर्षे तो कागद-पेन्सिलीवर चालत होता. विमानवाहू नौकेला पाच चौकोन, बॅटलशिपला चार, क्रूझरला तीन, पाणबुडीला तीन, विनाशिकेला दोन. एकूण सतरा चौकोन शोधावयाचे.

सुटीतल्या दुपारी मुलांना तासन्‌तास एका जागी बसविणारा हा खेळ आहे, आणि एका मास्तराने त्याची निंदा करणे हे कृतघ्नपणाचे होईल. पण आपल्या प्रश्नापुरते पाहिले तर येथे पाणबुडी आहे कोठे? तिची लांबी क्रूझरइतकीच. ती लपलेली आहे, पण मग विमानवाहू नौकाही तितकीच लपलेली आहे! चौकोनाला तीन खुंट्या टोचल्या की दोन्ही सारख्याच बुडतात. नावांची अदलाबदल केली तर खेळात तिळमात्र फरक पडत नाही. नाटकात दोन पात्रांची वाक्ये एकमेकांना देऊनही काही बिघडत नसेल, तर तेथे दोन पात्रे नसतातच. पहिल्या खेळाने सगळ्यांना उजेडात आणले, दुसऱ्याने सगळ्यांना अंधारात ठेवले. उजेड आणि अंधार यांची विषम वाटणी, जी या संघर्षाचा प्राण आहे, ती दोघांनीही टाळली.

३

ती वाटणी ज्या खेळाने केली तो कोणत्याही दुकानात विकला गेला नाही. तो इंग्लंडमध्ये लिव्हरपूल येथील डर्बी हाऊस या इमारतीच्या वरच्या मजल्यावर, लिनोलियमच्या जमिनीवर, १९४२ सालच्या जानेवारीपासून खेळला जाऊ लागला. क्षयामुळे नौदलातून निवृत्त व्हावे लागलेला गिल्बर्ट रॉबर्ट्स हा अधिकारी त्याचा प्रमुख होता, आणि त्याच्या हाताखाली महिला नौदल दलातल्या तरुण मुली होत्या. त्यांना ‘रेन’ म्हणत. कित्येकींचे वय विशीच्या आसपास होते. समुद्रावरच्या लढाईचा अनुभव त्यांना नव्हता.

त्या वेळी अटलांटिक समुद्रात काय चालले होते हे थोडक्यात सांगितले पाहिजे. इंग्लंडला अन्न, तेल आणि शस्त्रे व्यापारी जहाजांच्या ताफ्यांतून येत, आणि जर्मन पाणबुड्या ते ताफे फोडीत. त्या व्यापारी जहाजांवर केवळ इंग्रज नव्हते. रत्नागिरीकडचे, गोव्याचे, सिल्हेट-चितगावचे खलाशीही त्यांच्या भट्ट्यांपुढे आणि मुदपाकखान्यांत राबत होते. हे युद्ध कोकणातल्या कित्येक घरांच्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोहोचले होते.

पाणबुडीचे बळ आणि दुबळेपणा दोन्ही तिच्या घडणीतच आहेत. जर्मनांची नेहमीची ‘सात-सी’ जातीची पाणबुडी पाण्यावर ताशी सुमारे सतरा सागरी मैल धावे. पाण्याखाली मात्र जेमतेम सात, आणि तेही थोडाच वेळ, कारण तेथे ती विजेच्या बॅटऱ्यांवर चाले. बॅटऱ्या भरावयाला तिला वर यावेच लागे. जवळ पाणतीर चौदा, ते संपले की परत घरी. उलट ताफ्याची राखण करणारी छोटी कॉर्व्हेट नौका ताशी सोळा मैल जाई. म्हणजे बुडालेली पाणबुडी तिच्या तावडीतून पळू शकत नसे, आणि वर आलेली पाणबुडी तिला सापडत नसे! राखणदारांजवळ ॲस्डिक नावाचे यंत्र होते. ते पाण्यात आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐके. आंधळी कोशिंबीरच ही. पण पाणबुडी रात्री पाण्याच्या वर आली की तिच्यापुढे ॲस्डिक निरुपयोगी ठरे. तेव्हा लपण्याची जागा खोल पाणी ही नव्हती, तर शत्रूच्या समजुतीतली फट ही होती.

रॉबर्ट्सने ही फट खेळात उतरविली. जमिनीवर समुद्र आखला. राखणदार नौकांच्या वाटा पांढऱ्या खडूने आणि पाणबुडीची वाट हिरव्या खडूने काढली जाई. खेळावयाला आलेले अधिकारी कनातीच्या आड बसत आणि तिच्यातल्या फटीतून जमिनीकडे तिरपे पाहत. तेथून पांढऱ्या रेघा दिसत. तपकिरी जमिनीवरच्या हिरव्या रेघा मात्र डोळ्यांना लागत नसत. प्रत्येक खेळी म्हणजे समुद्रावरची दोन मिनिटे. तेवढ्यात निर्णय करावयाचा, चिठ्ठी द्यावयाची, आणि मुलींनी ती खेळी जमिनीवर आखावयाची. एक पडदा, दोन रंगांचे खडू आणि घड्याळ, एवढ्याच सामग्रीत पाणबुडी ही पाणबुडी झाली आणि जहाज हे जहाज झाले. कोणाची किंमत उतरवावी लागली नाही, कोणाला जादा फासे द्यावे लागले नाहीत.

आणि अशा खेळानेच एक सत्य उघडकीस आणले. ताफ्यातल्या एखाद्या जहाजाला रात्री पाणतीर लागला की राखणदार नौका बाहेरच्या बाजूला धावत आणि दूर अंधारात शोध घेत, कारण मारेकरी ताफ्याच्या बाहेरच असणार ही समजूत. रॉबर्ट्स आणि त्याच्या मुलींनी झालेल्या लढाया जमिनीवर पुन्हा मांडल्या. जहाज बुडाले ती जागा आणि पाणतिराचा पल्ला यांचा मेळ बाहेरून बसेना. मेळ एकाच रीतीने बसत होता: पाणबुडी ताफ्याच्या आत शिरली होती, मागच्या बाजूने, पाण्यावरून, अंधारात, आणि काम झाल्यावर खोल बुडी मारून ताफा वरून निघून जाण्याची वाट पाहत होती. चोर घरात होता आणि रखवालदार वेशीबाहेर धावत होते. यातून नवा डाव निघाला. पाणतीर लागताच राखणदारांनी ताफ्याच्या पिछाडीला येऊन तेथला समुद्र ॲस्डिकने विंचरावयाचा. जीन लेडलॉ या मुलीने त्याला ‘रास्पबेरी’ असे नाव सुचविले. इंग्रजीत वेडावून दाखविताना ओठांनी जो आवाज काढतात त्याचे हे नाव. तो हिटलरला दाखविलेला ठेंगा होता.

१९४२ च्या नोव्हेंबरात त्या विभागाची सूत्रे ॲडमिरल मॅक्स हॉर्टन यांच्याकडे आली. हे गृहस्थ स्वतः पहिल्या महायुद्धातले नामांकित पाणबुडीवाले. १९१४ साली त्यांनी जर्मनांची ‘हेला’ ही क्रूझर बुडविली होती. ते या जमिनीवर पाणबुडीच्या बाजूने खेळावयाला बसले आणि जॅनेट ओकेल या तरुण मुलीकडून पाच वेळा हरले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. मला हिच्यात गंमतीपेक्षा समीक्षेचा मुद्दा अधिक दिसतो. ज्या खेळात मुरब्बी पाणबुडीवाल्याला एक विचारी मुलगी केवळ शोधाच्या शिस्तीने हरवू शकते, आणि ज्यात शिस्त नसेल तर ताफाच्या ताफा गारद होतो, त्या खेळाचा समतोल आकड्यांत नसतो, खेळणाऱ्यांच्या बुद्धीत असतो. समतोल असावयाचा तो असाच.

युद्ध संपेपर्यंत सुमारे पाच हजार अधिकारी त्या जमिनीवर खेळून गेले. १९४३ च्या मे महिन्यात जर्मनांच्या एक्केचाळीस पाणबुड्या बुडाल्या आणि त्यांच्या सेनानीने उत्तर अटलांटिकमधून उरलेल्या मागे घेतल्या. याचे श्रेय एकट्या खेळाला देणे अतिशयोक्तीचे होईल. नवे रडार आले होते, लांब पल्ल्याची विमाने आली होती, राखणदार नौकांचे कसलेले गट तयार झाले होते. पण त्या साधनांचा उपयोग करणारी माणसे या पडद्याआडून पाहावयाला शिकली होती. आणि हरलेल्यांकडेही एकदा पाहिले पाहिजे: जर्मन पाणबुड्यांवर गेलेल्या दर चार माणसांपैकी सुमारे तिघे परतले नाहीत. लपणारा तेवढा निर्भय असतो, असे कोणी समजू नये.

४

या तिसऱ्या खेळात पडद्याइतकीच महत्त्वाची आणखी एक गोष्ट होती, ती म्हणजे ओझे. राखणदार नौकेचे काम पाणबुडी बुडविणे हे नव्हते. ताफा सुखरूप पोहोचविणे हे होते. पाणबुडी बुडाली तर उत्तम, पण तिचा पाठलाग करता करता ताफा उघडा पडला तर डाव हरलाच. पाणबुडीचेही लक्ष्य युद्धनौका नव्हे, तिच्यामागची धान्याची आणि तेलाची जहाजे. दोघांच्या मध्ये हे तिसरे, निःशस्त्र, संथ पात्र उभे केले की, प्रत्येक खेळीला पेच पडतो: शोधावे की सोबत करावी? ‘ॲक्सिस अँड अलाइज’च्या १९४० सालावर बेतलेल्या पुढच्या आवृत्त्यांत पाणबुड्यांनी शत्रूचे सागरी उत्पन्न कापण्याचा नियम आला. ते पाऊल योग्य दिशेने पडले असे म्हटले पाहिजे. पण तेथेही धान्य बुडते ते फाशाच्या आकड्यात. मध्ये उभे राहून ते वाचविणारा कोणी दिसत नाही.

संगणकावरच्या खेळांनी पडद्याचा प्रश्न सोडविला, असे वाटण्याचा संभव आहे. यंत्र स्वतः पंच होते आणि जे दिसू नये ते दाखवीत नाही. २०१६ च्या ‘हार्ट्स ऑफ आयर्न’च्या चौथ्या भागात तर प्रत्येक नौकेला दिसण्याचा एक आकडा आणि शोधण्याचा एक आकडा दिलेला आहे. पण खेळाडूने ताफे नेमून द्यावयाचे आणि शोध यंत्राने आकड्यांवरून घ्यावयाचा, अशी ती व्यवस्था. अंधार आहे, पण त्यात चाचपडणारा हात आपला नाही. पुन्हा किमतीचा आणि आकड्यांचाच हिशेब आला. पडदा नुसता असून भागत नाही. त्याच्या फटीला आपला डोळा लागला पाहिजे.

हा प्रश्न केवळ परदेशी समुद्रांचा नाही. १९७१ च्या डिसेंबरात आठवड्याच्या आत दोन घटना घडल्या. पूर्वेला विशाखापट्टणजवळ ‘गाझी’ ही पाकिस्तानी पाणबुडी बुडाली. आणि ९ डिसेंबरला पश्चिमेला, दीवजवळ, आपली ‘खुकरी’ ही पाणबुडीविरोधी नौका ‘हंगोर’ या पाणबुडीने बुडविली. खुकरी तेथे पाणबुडीच्याच शोधात गेली होती. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. शोधणारा कोण आणि शोधला जाणारा कोण, हे त्या समुद्रात पाणतीर लागेपर्यंत ठरलेले नसते. ज्या खेळात हे आधीच ठरलेले असते, त्याने मुलांच्या हाती सोंगट्या दिल्या, समुद्र मात्र दिला नाही.

म्हणून माझा अभिप्राय असा. पाणबुडीची किंमत आठ असावी की सहा, हा वाद दुय्यम आहे. खेळाला दोन गोष्टी विचाराव्या: यात पडदा आहे काय, आणि यात ओझे आहे काय? दोन्ही असतील तर आकडे थोडे चुकले तरी खेळ तरून जातो. दोन्ही नसतील तर बिनचूक आकडेही त्याला तारीत नाहीत. आणि या दोन्ही गोष्टी महाग नाहीत. दिवाळीच्या सुटीत किल्ला बांधून झाला, फराळ झाला की घरातल्या शहाबादी फरशीचे चौकोन मोजा. काड्यापेट्यांचा ताफा करा. दोरीवर एक जुनी चादर टाकून तिला दोन भोके पाडा. एकीकडे राखणदार बसवा. पाणबुडीवाल्यालाही पाठ करून बसवा आणि खेळी आली की क्षणभरच वळून पाहू द्या, कारण दुर्बिणीच्या नळीतून त्यालाही एवढेच दिसते. फरशीवर खडूने वाटा आखावयाचे काम घरातल्या एखाद्या तटस्थ वडीलधाऱ्या माणसाकडे द्या. आजी असेल तर फारच उत्तम, तिचा निकाल कोणी मोडीत नाही. जिंकण्याची अट एकच ठेवा: दहांपैकी किती काड्यापेट्या समोरच्या भिंतीला पोहोचल्या. कोणी किती बुडविल्या ते मोजूच नका.